दोन नळ्यांचा कार्बुरेटर, आणि खरी कमाई बोअरिंगच्या टेबलावर

अमेरिकेत लहान गावांबाहेर पाव ते अर्ध्या मैलाचे लंबगोल ट्रॅक असतात. तेथे शनिवारी रात्री जुन्या मोटारींच्या शर्यती होतात. पळवणारे बरेचसे गॅरेजवाले, वेल्डर, शेतकरी. पैसेवाल्याने शर्यत विकत घेऊ नये म्हणून अनेक ट्रॅकवर बंधने आहेत. ब्लॉक व हेड कंपनीचे, बिडाचे. हेडचे पोर्ट घासायचे नाहीत. आणि वर कार्बुरेटर फक्त दोन नळ्यांचा. काही ठिकाणी तर जिंकणाऱ्याचे इंजिन ठराविक रकमेत प्रतिस्पर्ध्याला मागता येते. मग भलता खर्च करणारा आपणच बुडतो.

इंजिन बहुधा शेव्हरोलेचे ३५० घनइंची 'स्मॉल ब्लॉक'. या घराण्याची सुरुवात १९५५ सालची, ३५० आले १९६७ च्या मॉडेलपासून. बोअर ४ इंच, स्ट्रोक ३.४८ इंच. कार्बुरेटर होली ४४१२, मिनिटाला ५०० घनफुटांचा.

आता हिशेब पाहा. ६००० फेऱ्यांना हे इंजिन पुरते भरायचे तर मिनिटाला सुमारे ६०८ घनफूट हवा हवी. शिवाय दोन नळ्यांचे माप चार नळ्यांच्या दुप्पट ओढीवर घेतात. त्यांच्या मापाने हे ५०० म्हणजे जेमतेम ३५०. गळाच आवळलेला. नवखा माणूस येथे मोठा कॅम टाकतो. खालचा जोर जातो आणि वर हवा मिळत नाही. बेताचा कॅम वळणातून बाहेर पडताना ओढतो, शर्यत तेथेच ठरते.

उरलेली ताकद मापात आहे, आणि ते काम आपल्या बोअरिंगवाल्यांच्या रोजच्या हातचे आहे. ब्लॉकला तीस थाऊ बोअर मारला की होनिंगपूर्वी वर जाड पोलादी प्लेट हेडच्याच बोल्टांनी, हेडइतकीच आवळतात. कारण हेड आवळल्यावर सिलिंडर किंचित वाकडे होते. प्लेट लावून होन केले तर हेड बसल्यावर बोअर गोल राहतो, रिंगा धरतात, कॉम्प्रेशन गळत नाही. अशी प्लेट कोणताही चांगला टर्नर बनवू शकेल. गिऱ्हाइकाकडून वेगळी मजुरी घेण्यासारखे हे काम आहे.

कंपनीचा पिस्टन ब्लॉकच्या तोंडाखाली साधारण पंचवीस थाऊ राहतो. नियम परवानगी देत असेल तर ब्लॉकचा फेस मारून तो बरोबरीत आणतात. गॅस्केटची चाळीसएक थाऊ जाडी तेवढी उरते. व्हॉल्व्ह सीट ३०, ४५ आणि ६० अंशांत कापतात.

रोलर टॅपेटला पुष्कळदा बंदी असते. साध्या टॅपेटचा नवा कॅम सुरू होताच वीस मिनिटे दोन हजार फेऱ्यांवर, जस्तयुक्त ऑइलवर चालवावा. मंद ठेवला तर क्रँकचे ऑइल कॅमवर पुरेसे उडत नाही, लोब घासतो आणि त्याचा कीस थेट बेअरिंगमध्ये जातो.