गुळाची धिरडी : पहिलं कोणाला?

मुलांनो, रविवारी सकाळी तुमच्या घरी काय चित्र असतं? सगळे उशिरा उठतात, आंघोळी रेंगाळतात आणि साडेदहाच्या सुमाराला पोटात कावळे कोकलायला लागतात. न्याहारीची वेळ टळलेली, जेवणाला अजून अवकाश! अशा वेळी गुळाची गरमागरम धिरडी म्हणजे नामी पदार्थ. लाटणं नाही, तळण नाही. पाचवी-सहावीतल्या मुलामुलींना सहज जमतील. हो, मुलग्यांनासुद्धा! फक्त गॅसजवळ मोठं माणूस हवंच, बरं का!

साहित्य (दहा-बारा धिरड्यांसाठी) : २ वाट्या कणीक, पाव वाटी तांदळाची पिठी, १ वाटी किसलेला गूळ, अडीच वाट्या कोमट पाणी, अर्धा चमचा वेलचीपूड, पाव चमचा सुंठपूड, थोडं किसलेलं जायफळ, चिमूटभर मीठ, तेल आणि साजूक तूप.

जायफळ हातात घ्याल तेव्हा त्याच्याकडे जरा नीट बघा. ते मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं. तिथल्या रन नावाच्या चिमुकल्या बेटासाठी डच आणि इंग्रज कितीतरी वर्षं भांडत होते. अखेर १६६७ साली तह झाला. डचांनी रन ठेवलं आणि त्यांचं अमेरिकेतलं एक ठाणं इंग्रजांकडेच राहिलं. त्या ठाण्याचं आजचं नाव न्यूयॉर्क! आता जायफळ आपल्या कोकणातही पिकतं. आणि फळातल्या बीवरचं लाल जाळीदार वेष्टन म्हणजेच जायपत्री.

आता कामाला लागू या. आधी गूळ कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्या. गुळात कधी कधी उसाची चोयटी किंवा बारीक खर असते. पातेल्यात कणीक, पिठी, मीठ आणि मसाला एकत्र करा. त्यात सगळं पाणी एकदम ओतू नका हं! तसं केलं, की पिठाच्या गोळ्या बाहेरून भिजतात, त्यांच्यावर चिकट थर बसतो आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. म्हणून आधी थोड्या पाण्यात घट्टसर भिजवा, गुठळ्या मोडा आणि मग सैल करत जा. डावातून सलग धार पडली, की पीठ झालं. ते वीस मिनिटं झाकून ठेवा. कणीक पाणी सावकाश शोषते. घाई केली तर धिरडं उलटताना मोडतं.

बिडाचा तवा असेल तर उत्तम, पण कोणताही जाड तवा चालेल. तवा तापला, की पाण्याचे दोन थेंब टाका. चर्र आवाज करून ते उडून गेले, तर तवा तयार आहे. थेंब मोत्यांसारखे घरंगळायला लागले, तर तवा फार तापलाय! थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि थेंब तिच्यावर तरंगतो. आच कमी करा, कारण गूळ चटकन करपतो.

तव्याला फडक्याच्या पुरचुंडीने तेल लावा. डावभर पीठ घालून हलक्या हाताने पसरा आणि झाकण ठेवा. पिठातल्या पाण्याची वाफ झाली, की ती सुमारे १६०० पट जागा मागते. मिळेल तिथून ती बाहेर पडते आणि धिरड्याला छान जाळी पडते. वरचा ओलसरपणा गेला, कडा सुटल्या, की उलटा. दुसरी बाजू खरपूस झाली, की वर तूप सोडा. पहिलं धिरडं बिघडलं तरी हिरमुसू नका. तव्याचा अंदाज त्यातूनच येतो. तुकडे तुकडे झाले तरी चव तीच!

मी वर्गात एकदा विचारलं होतं, "धिरडी होतात तेव्हा शेवटी कोण खातं?" बहुतेक सगळे ओरडले, "आई!" एकजण मात्र हळूच म्हणाला, "बाई, आमच्याकडे शेवटचं उरतच नाही. आई चहापोळी खाते." वर्ग एकदम गप्प झाला. धिरड्याची खरी मजा तव्यावरून थेट ताटलीत येण्यात असते. ती मजा तव्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला कधीच मिळत नाही.

तर या रविवारी एक नियम करा. पहिलं चांगलं जमलेलं धिरडं रोज शेवटी जेवणाऱ्या माणसाला द्यायचं. ती आई असेल, आजी असेल, कुणाचे बाबाही असतील. त्यांना ताटापाशी बसवायचं आणि गरम असतानाच खायला लावायचं. "तुम्ही आधी घ्या रे," असं त्या म्हणतील, ऐकायचं नाही! एक दिवस एवढा हट्ट चालतो.

मग आळीपाळीने तव्यापाशी उभं राहा. आणि शेवटी ओटा पुसायला, पातेलं घासायला विसरू नका. नाहीतर आईला धिरडं गरम मिळेल, पण रविवार काही मिळणार नाही!