नावाविना मांडलेली वहाण

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोली एमआयडीसीतील फौंड्रीतून निघणाऱ्या ओतकामासोबत धातूच्या घटकांचा दाखला देण्याचा रिवाज आहे. त्याच जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी कोल्हापुरी चप्पल मात्र, २०१९ पासून महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी तिला भौगोलिक मानांकनाचे कायदेशीर संरक्षण लाभलेले असतानाही, जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन मंचावर प्राडा कंपनीने निव्वळ ‘चामडी सँडल’ म्हणून मांडली. मूळ असे झाकणे हे माझ्या मते असत्यकथनच होय. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने हरकत घेतल्यावर कंपनीने प्रेरणास्थान कबूल केले. परंतु उत्पादनाचा निर्णयच झालेला नाही असे ती तेव्हा सांगत असता, लाखावरच्या किमतीचे आकडे अनेक वृत्तमाध्यमांनी बेलाशक प्रसृत केले, आणि एका जोडामागे कारागिराच्या पदरात किती पडते, ही खरी तपासणीची बाब बव्हंशी मागेच राहिली.