तोडीस तोड तोफा

पानिपतचा विषय निघाला की गाडी तोफांवर येते आणि तिथेच ‘तोड’ या शब्दाची गफलत होते. तोड म्हणजे समोरच्याच्या बळाची बरोबरी करणारी गोष्ट. ‘त्याच्या तोडीचा गवई’ म्हणताना कोणी कोणाला हरवलेले नसते. लढायांच्या गोष्टींत मात्र तोड सापडली म्हणजे लढाई मारली, असे सर्रास धरले जाते.

‘तोफांनी बाबराला जिंकून दिले’ हे त्यातलेच अर्धसत्य. 21 एप्रिल 1526च्या, पानिपतच्या पहिल्या लढाईत बाबराच्याच लिखाणानुसार त्याची माणसे 12 हजार, दिल्लीच्या सुलतान इब्राहिम लोदीची 1 लाख आणि हत्ती सुमारे 1 हजार. (शत्रूचा आकडा फुगवायची हौस विजेत्याला असतेच.) चामड्याच्या दोरांनी जखडलेल्या सुमारे 700 गाड्यांच्या आडून उस्ताद अली कुलीच्या तोफा आणि बंदूकवाले मारा करत होते. त्यांनी लोदीचा लोंढा थोपवला. कोंडी केली ती दोन्ही बगलांनी वळसा घालून मागे पोहोचलेल्या घोडेस्वार तिरंदाजांनी. दुपारपर्यंत सारे आटोपले.

पानिपतच्या दुसऱ्या लढाईच्या वेळी, 1556 मध्ये, मोगलांविरुद्ध उभ्या राहिलेल्या हेमूचा तोफखाना लढाईआधीच मोगलांच्या हाती पडला होता. तरीही त्याची सरशी होत होती, डोळ्यात बाण लागेपर्यंत.

मराठी घरांतला लाडका गैरसमज 1761च्या तिसऱ्या लढाईचा: अफगाण अब्दालीकडे तोफा, आपल्याकडे तलवारी. प्रत्यक्षात मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांच्याजवळ इब्राहिमखान गारद्याचे फ्रेंच पद्धतीने कवायत शिकलेले पायदळ आणि जबर तोफखाना होता. 14 जानेवारीला सकाळी गारद्यांनी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांची दाणादाण उडवली. पण अवजड तोफा एकदा मांडल्या की हलवणे कठीण, आणि अब्दालीची जंबुरके, म्हणजे हलक्या तोफा, उंटाच्या पाठीवर, लागेल तिकडे नेता येणारी. दुपारनंतर त्याने राखीव ताज्या दमाची फौज पुढे घातली. मराठ्यांकडे तेव्हा ना राखीव फौज होती, ना पोटात अन्न; रसद तुटून कित्येक आठवडे झाले होते. उपाशी घोड्याला कोणत्या तोफेची तोड देणार?

या लढाईतून जखमी होऊन वाचलेल्या महादजी शिंद्यांनी पुढे द बॉयन या युरोपीय सेनानीकडून कवायती पलटणी उभारून घेतल्या आणि आग्र्याला तोफा ओतण्याचा कारखाना चालवला.