मुखपृष्ठ एक, पत्ताही एकच असावा

संकेतस्थळाचे मुखपृष्ठ एकच असते. परंतु त्याकडे नेणारे पत्ते पुष्कळदा अनेक असतात. कोणत्याही पत्त्याने गेले तरी तेच पान उघडते, म्हणून वाचकाच्या ते ध्यानातही येत नाही. शोधयंत्राला मात्र ही एकाच मजकुराची निरनिराळी पाने दिसतात. त्यांतील मुख्य कोणते, हे मग त्याला स्वतःच ठरवावे लागते आणि त्याची निवड आपल्या मनासारखी असेलच असे नाही.

हे कसे घडते, ते एका उदाहरणावरून पाहू या. मायक्रोसॉफ्टच्या ‘एएसपी डॉट नेट एमव्हीसी’ या प्रणालीची पहिली आवृत्ती २००९ साली आली. वाचकाने मागितलेला पत्ता तपासून ती मागणी कार्यक्रमाच्या योग्य भागाकडे सोपविणे, या कार्यास ‘राउटिंग’ म्हणतात. पत्त्यात भागाचे नाव नसल्यास ‘होम’ आणि कृतीचे नाव नसल्यास ‘इंडेक्स’ समजावे, असा या प्रणालीचा मूळ नियम आहे. त्यामुळे नुसती ‘/’ ही तिरपी रेघ, ‘/होम’ आणि ‘/होम/इंडेक्स’ हे तिन्ही पत्ते मुखपृष्ठच उघडतात. (प्रत्यक्षात ही नावे रोमन लिपीत लिहिली जातात.)

यावर उपाय साधा आहे. राउटिंगच्या आधीच पत्ता तपासावा आणि तो वरीलपैकी दुसरा वा तिसरा असल्यास ‘३०१’ या संकेतासह वाचकाला ‘/’ कडे पाठवावे. ‘हे पान कायमचे त्या पत्त्यावर गेले आहे’, असा या संकेताचा अर्थ होय. पत्त्याला प्रश्नचिन्हापुढे काही माहिती जोडलेली असेल, तर तीही सोबत न्यावी.

येथेच एक चूक घडते व ती महागात पडते. ‘/होम’ने सुरू होणारा प्रत्येक पत्ता मुखपृष्ठाकडे वळविला, तर ‘/होम/संपर्क’सारखी पानेही वाचकाला कधीच दिसणार नाहीत. म्हणून संपूर्ण पत्ता जुळला तरच वळवावे. आरंभ जुळणे पुरेसे नाही. शिवाय ‘३०१’ची आज्ञा ब्राउझर लक्षात ठेवतो. चूक सुधारल्यावरही तो काही वाचकांना जुन्याच आज्ञेप्रमाणे नेत राहतो. यास्तव प्रथम ‘३०२’ म्हणजे तात्पुरता संकेत वापरून खात्री करून घ्यावी आणि मगच कायमचा संकेत द्यावा, हे उत्तम.

२००९ सालीच गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी आणखी एक सोय मान्य केली. पानाच्या शीर्षभागात ‘कॅनॉनिकल’ खूण ठेवून मुख्य पत्ता सांगता येतो. परंतु ही शोधयंत्राला केलेली सूचना आहे. तिने वाचक एका पत्त्यावरून दुसऱ्यावर जात नाही.

शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. हरवलेले प्रत्येक पान मुखपृष्ठाकडे वळविण्याचा मोह टाळावा. जुना लेख शोधत आलेल्या वाचकाला काहीही न सांगता मुखपृष्ठावर आणून सोडले, तर तो गोंधळतो. गूगलही अशा वळणास बहुधा ‘पान नाही’ असेच समजते. लेख दुसरीकडे हलविला असेल तर वाचकाला त्याच्या नव्या पत्त्यावर न्यावे आणि लेख उरलाच नसेल तर ‘४०४’ या संकेतासह तसे स्पष्ट सांगावे. जे पत्ते खरोखर मुखपृष्ठाचेच आहेत, तेवढेच मुखपृष्ठाकडे वळवावेत.