समुद्रतळाचें दर्शन आणि वडिलांची अनुमति

सुटी जवळ आली कीं आमच्या कुळगांवांतील घराघरांतून हल्लीं एक नवीन मागणी ऐकूं येते. मुलेंमुली म्हणतात, "मालवणास जाऊन स्कूबा करावयाचें." आजी घाबरून नको म्हणते, काका खर्च विचारतात, विचारावयाचें तें मात्र राहून जातें.

पाठीवर दाबलेल्या हवेची टाकी बांधून पाण्याखालीं श्वास घेण्याचें हें साधन कूस्तो व गान्यां या फ्रेंच गृहस्थांनीं १९४३ सालीं सिद्ध केलें. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरांतील खडकांवर प्रवाळ आहे. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पोहतां न येणाऱ्यासहि शिक्षक हातीं धरून तेथें थोडा वेळ खालीं नेतात. म्हणूनच नियम आधीं समजले पाहिजेत.

पूरक, कुंभक व रेचक हीं नांवें आपल्या घरांत संध्येमुळें परिचयाचीं आहेत. समुद्रांत मात्र कुंभक सर्वथा वर्ज्य! दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथें छातीभर घेतलेली हवा कोंडून कोणी वर आला, तर ती दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटण्याचा धोका असतो. म्हणून श्वासोच्छ्वास अखंड चालूं ठेवावा व सावकाश वर यावें. खालीं जातांना कान दडपतांच नाक चिमटींत धरून हळूच फुंकावें. सर्दी असतां उतरूंच नये. दमा किंवा हृदयविकार असल्यास आधीं डॉक्टरांस विचारावें. परतीचें विमान निदान १८ तासांनीं असावें.

मालवणास बहुधा होडींतून उतरतात. मे २०२२ मध्यें तारकर्लीस पर्यटकांची अशी होडी उलटून दोघे दगावले; तेव्हां होडींत बसतांच संरक्षक जाकीट अंगावर हवेंच. अंदमानांतील स्वराज द्वीपावर किनाऱ्यावरूनहि चालत शिरतां येतें. तेथें भरती-ओहोटीची वेळ विचारावी, लाटांचा क्रम कांहीं वेळ पाहावा, आणि पायांत वल्हीं चढविल्यावर उलट्या पावलांनीं, जोडीदारासह चालावें.

प्रवाळास संस्कृतांत 'विद्रुम' म्हणतात. 'द्रुम' म्हणजे वृक्ष. परंतु तो वृक्ष नसून सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. त्यांच्या देहांतील शैवाल त्यांस बरेंचसें अन्न पुरवितें. पाणी फार तापलें कीं तें निघून जातें व प्रवाळ पांढरें पडतें. कित्येक जाति वर्षाला बोटाच्या पेराएवढ्याहि वाढत नाहींत. छायाचित्रासाठीं त्यांवर उभें राहणें म्हणजे अनेक वर्षांची वाढ क्षणांत मोडणें होय. माशांस पाव चारणेंहि टाळावें.

तात्पर्य, वडील मंडळींनीं सरसकट नकार देऊं नये. शिक्षक प्रमाणपत्रधारक आहे काय, एकाकडे किती जण सोंपवितात, होडींत जाकिटें व प्राणवायु आहे काय, समुद्र खवळल्यास पैसे परत मिळतात काय, एवढें विचारावें. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण पैसे बुडतील या भीतीनेंच माणसें खवळलेल्या पाण्यांत उतरतात. समाधानकारक उत्तरें मिळाल्यास दहा वर्षांवरील नातवास जशी, तशीच नातीसहि अनुमति द्यावी.