भरवशाच्या म्हशीला टोणगा : सरकारी हप्ता आणि घरचा हिशोब



आजचा विषय तसा अर्थशास्त्राच्या माणसाचा. पण आयोजकांनी तो आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या माणसाला दिला, यातही एक अर्थ आहे. प्रश्न असा आहे : सरकार खात्यात जे पैसे टाकतं, लाडकी बहीण, पीएम किसान, नमो शेतकरी, अतिवृष्टीचं अनुदान, त्यांच्यावर घरानं भरवसा ठेवावा का? यातला ‘पैसे’ हा शब्द अर्थशास्त्राचा आहे, पण ‘भरवसा’ हा शब्द आमच्या प्रांतातला आहे. म्हणून आज आपण भरवशाविषयी बोलू.

आपल्याकडे म्हण आहे, भरवशाच्या म्हशीला टोणगा. यात म्हशीचा दोष काहीच नाही. पारडी होईल असं तिनं कुणाला लिहून दिलेलं नव्हतं. दोष आहे तो पारडीच होणार असं धरून आधीच व्यवहार करणाऱ्याचा. ही म्हण मनात ठेवून पुढे जाऊ.

न्यायदर्शनात अनुमानाची फार बारीक चर्चा आहे. धूर दिसला की तिथे विस्तव आहे, हे अनुमान बरोबर. पण उलट केलं, विस्तव आहे म्हणजे धूर असणारच, तर ते चुकतं. कारण धूर निघायला लाकूड ओलं असावं लागतं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, पण धूर नाही. या ‘ओल्या लाकडाला’ नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. उपाधी म्हणजे न दिसणारी अट. ती अट पुरी होते तोवर नियम खरा वाटतो. ती गेली की नियमही गेला.

आता हेच आपल्या घराला लावून बघा. ‘मागच्या महिन्यात हप्ता आला, त्याच्या मागच्या महिन्यात आला, म्हणून पुढच्या महिन्यात येईल.’ हे अनुमान आहे. त्याची उपाधी कोणती? आम्हाला तीन दिसतात. एक, तिजोरीत पैसा असणं. दोन, सरकारला ते देणं सोयीचं असणं. आणि तीन, आपलं नाव पात्रतेच्या यादीत टिकणं. या तिन्हींपैकी एकही आपल्या हातात पूर्णपणे नाही.

लाडक्या बहिणीचंच उदाहरण घेऊ. 28 जून 2024 रोजी राज्याच्या अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना’ जाहीर झाली. अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या 21 ते 65 वयाच्या महिलांना महिन्याला 1,500 रुपये. ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या सुमारास दोन महिन्यांचे 3,000 एकदम आले. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पैसे आचारसंहिता लागण्याच्या अंदाजानं आधीच दिले गेले. 20 नोव्हेंबरला मतदान झालं. प्रचारात 2,100 रुपये देण्याचं आश्वासन होतं. मार्च 2025 चा अर्थसंकल्प आला, त्यात ते 2,100 नव्हते. योजना जाहीर करताना वर्षाचा खर्च 46,000 कोटी सांगितला होता, 2025-26 साठी तरतूद झाली 36,000 कोटींची. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट 45,000 कोटींच्या वर दाखवली होती.

मग जे व्हायचं तेच झालं. छाननी सुरू झाली. जून 2025 पासून 26 लाखांहून अधिक खात्यांचे पैसे थांबवल्याचं सरकारनंच सांगितलं. त्यात काही पुरुषांनीही लाभ घेतल्याचं निघालं, ते थांबवणं योग्यच. सप्टेंबर 2025 पासून ई-केवायसी सक्तीची झाली. तिच्यात बाईच्या आधारबरोबर पतीचं किंवा वडिलांचं आधार मागितलं गेलं. आता ज्या बाईचा नवराही गेला आणि वडीलही गेले, तिनं काय करायचं, हा प्रश्न नंतर पुढे आला. यात कुणी कुणाला फसवलं असं आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढंच म्हणतो की विस्तव होता, पण लाकूड थोडं वाळलं.

आणखी एक गंमत आहे, ती गणिताची. ज्या बाईच्या स्वतःच्या नावावर शेती आहे आणि तिला पीएम किसान व नमो शेतकरी या दोन्हींचे मिळून वर्षाला 12,000, म्हणजे महिन्याला 1,000 मिळतात, तिला लाडक्या बहिणीचे 1,500 पूर्ण मिळत नाहीत. फरकाचे 500 मिळतात. जिनं वहीत 1,500 अधिक 1,000, एकूण 2,500 मांडले, तिची वही महिन्याला हजारानं खोटी ठरली. कुठल्याही दोन योजनांची बेरीज करण्याआधी त्या एकमेकींना खातात का, हे विचारून घ्यावं.

पीएम किसानचं काय? ती फेब्रुवारी 2019 मध्ये सुरू झाली, वर्षाला 6,000, तीन हप्त्यांत. ती टिकली, हे मान्य केलं पाहिजे. पण सहाची सहाच राहिली. महागाई वर्षाला पाच टक्के धरली, तर सहा वर्षांनंतर त्या 6,000 मध्ये जुने साडेचार हजारांएवढंच येतं. म्हणजे हप्ता बंद न पडताही कमी होतो. खताच्या पिशवीला ते कळतं, मोबाईलवरच्या मेसेजला कळत नाही.

पीकविम्याची गोष्ट तर आपल्या जिल्ह्यानं सोसलेली आहे. खरीप 2020 मध्ये काढणीच्या वेळी पाऊस झाला, सोयाबीन पाण्यात गेलं. नुकसानीची सूचना 72 तासांत दिली नाही या कारणावरून लाखो शेतकऱ्यांना भरपाई नाकारली गेली. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं. निकाल शेतकऱ्यांच्या बाजूनं लागला, पण तो 2022 साली. त्यानंतरही वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालला. हक्क होता, न्यायही मिळाला. पण 2020 च्या दिवाळीला जो किराणा आणायचा होता, तो या निकालानं आणता आला नाही. मग खरीप 2023 पासून एक रुपयात पीकविमा आला. लोक म्हणाले, आता चिंता मिटली. खरीप 2025 पासून ती सवलत गेली आणि शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा सुरू झाला. दोन वर्षांत योजना आलीही आणि गेलीही.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. करोनात अमेरिकेनं नागरिकांना तीनदा रोख मदत दिली : आधी 1,200 डॉलर, मग 600, मग 1,400. तिथे पुष्कळ लोक चौथ्याची वाट बघत बसले. केंद्राकडून तशी चौथी मदत आली नाही. आपल्याकडेही एप्रिल ते जून 2020 या तीन महिन्यांत महिलांच्या जनधन खात्यात दरमहा 500 रुपये आले, आणि तीन महिन्यांनी थांबले. अमेरिकेतलं अलास्का राज्य तर 1982 पासून तेलाच्या उत्पन्नातून प्रत्येक रहिवाशाला वर्षाला लाभांश देतं. चाळीस वर्षांची परंपरा, तरी रक्कम दरवर्षी वेगळी. 2016 साली तिथल्या गव्हर्नरांनी ती जवळजवळ निम्म्यावर आणली. तेव्हा परंपरा म्हणजे हमी नव्हे.

आता कुणी म्हणेल, सर, म्हणजे तुमचं म्हणणं हे पैसे घेऊच नयेत? लोक फुकटे झाले, आळशी झाले? मुळीच नाही. हा सूर आम्हाला मान्य नाही. शहरात बसून करसवलत घेणारा स्वतःला फुकटा म्हणत नाही, मग कळंबच्या शेतमजूर बाईला का म्हणायचं? जिच्या हाताला वर्षातले काही महिनेच काम असतं, तिला स्वतःच्या नावावर आलेले 1,500 रुपये म्हणजे नवऱ्यापुढे, सासूपुढे हात न पसरता दवाखान्यात जाता येणं. हे मोल पैशापेक्षा मोठं आहे. घ्यावेत, हक्कानं घ्यावेत.

आमचा मुद्दा घेण्याचा नाही, धरून चालण्याचा आहे. या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आणि हे शिकवायला धाराशिवच्या माणसाला तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक लागत नाही. आपण पावसाशी पिढ्यानपिढ्या असंच वागत आलो. पाऊस येईल म्हणून पेरतो, पण सगळं बियाणं एकाच पेरणीत घालत नाही, दुबार पेरणीची वेळ येऊ शकते हे माहीत असतं. 1972 चा दुष्काळ आपण पाहिला, आणि सप्टेंबर 2025 मध्ये परंडा-भूमकडे घरांत शिरलेलं पाणीही पाहिलं. त्या पुरानंतर 7 ऑक्टोबरला राज्यानं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पण पॅकेज जाहीर होणं, पंचनामा होणं, यादीत नाव येणं आणि खात्यात रक्कम पडणं, या चार वेगळ्या तारखा असतात. रब्बीची पेरणी चौथ्या तारखेसाठी थांबत नाही.

मग घरानं करायचं काय? आम्ही चार साध्या गोष्टी सांगतो.

पहिली. वहीत दोन रकाने करा. एकात स्वतःची कमाई : मजुरी, दूध, शेतमाल. दुसऱ्यात आलेली मदत. महिन्याचा किराणा, वीजबिल, पोरांची फी हे पहिल्या रकान्यातून भागतं का ते बघा. भागत नसेल, तर ते आजच कळलेलं बरं. दुसरा रकाना पैसे आल्यावरच भरायचा, येणार म्हणून नाही.

दुसरी, आणि ही सगळ्यांत महत्त्वाची. या पैशाच्या जिवावर कर्जाचा हप्ता बांधू नका. समजा एखादीनं महिन्याचे 1,500 येतात म्हणून तेवढ्याच हप्त्याचं दोन वर्षांचं कर्ज गटातून उचललं. सरकारचा हप्ता महिनाभर लांबू शकतो, कंपनीच्या वसुलीचा माणूस मात्र ठरल्या दिवशी दारात उभा राहतो. आणि गटकर्जात एकीचा हप्ता चुकला की भार बाकीच्या बायांवर पडतो. अनिश्चित आवकेवर निश्चित देणं बांधणं, सगळी अडचण इथेच सुरू होते.

तिसरी. आलेला पैसा शक्यतो अशा गोष्टीत घाला, जी पुढचा हप्ता आला नाही तरी उभी राहील. जुनी उधारी फेडणं हे त्यातलं पहिलं. आपल्या जिल्ह्याच्या नावानं उस्मानाबादी शेळी देशभर ओळखली जाते, जुळी करडं देण्यासाठी तिचा लौकिक आहे. काही महिन्यांचे हप्ते साठवून घेतलेली एक शेळी, शिलाई मशीन, बचत गटातली ठेव, यांना ई-केवायसी लागत नाही. ज्यांना साठवणं शक्यच नाही, पैसा औषधालाच जातो, त्यांना आमचा उपदेश लागू नाही, त्यांनी औषधच आणावं.

चौथी. कागद जिवंत ठेवा. खातं आधारशी जोडलेलं आहे का, ई-पीक पाहणी झाली का, फार्मर आयडी निघाला का, नुकसानीची सूचना वेळेत दिली आणि तिची पोच ठेवली का. तीन उपाधींपैकी तिसरी, पात्रतेची, थोडीफार आपल्या हातात आहे ती एवढीच.

पण इथं थांबलो तर सगळा भार घरावर टाकून आम्ही मोकळे झालो असं होईल. भरवसा ही दोन बाजूंची गोष्ट आहे. घरानं सावध राहावं हे खरं, पण सरकारनंही भरवसा ठेवण्याजोगं असावं. आणि महाराष्ट्रानं हे एकदा करून दाखवलेलं आहे. बहात्तरच्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला गेली. त्या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या प्रयत्नातून, रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला, म्हणजे पैसा कुठून येणार हेही सांगितलं. काम मागितल्यावर ठरल्या मुदतीत दिलं नाही तर बेकारी भत्ता, हेही लिहिलं. पुढे 2005 साली केंद्रानं देशासाठी तसा कायदा केला. अंमलबजावणीत शंभर खोटी होत्या, पण मजुराला ‘हे माझं आहे’ म्हणून तहसीलवर मोर्चा नेता येत होता.

लाडकी बहीण शासन निर्णयावर उभी आहे. शासन निर्णय एका सहीनं येतो, एका सहीनं बदलतो. कायदाही बदलता येतो, पण त्याला विधिमंडळात, सगळ्यांसमोर बदलावं लागतं, आणि तो मोडला तर न्यायालयात जाता येतं. म्हणून निवडणुकीत ‘किती देणार?’ एवढंच विचारू नका. ‘कायद्यानं देणार का? कोणत्या तारखेला? महागाईप्रमाणे वाढणार का? पैसा कुठून आणणार?’ हे चार प्रश्न विचारा. ज्या सभेत या चारांची उत्तरं मिळतील, तिथल्या आश्वासनावर थोडा अधिक भरवसा ठेवायला हरकत नाही.

तोवर आलेला हप्ता घ्या, नोंदवा, कामाला लावा. न आलेला हप्ता खर्चू नका. काही प्रश्न असतील तर जरूर विचारा, आम्ही बसलेलो आहोत.