स्वतः लिहिलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर : दोष कसा शोधावा

छोटा कर्नल लिहिताना कीबोर्ड आणि पडदा लवकर साधतात. नेटवर्क कार्ड मात्र अडवून धरते. कीबोर्डकडून आलेला बाइट आपण स्वतः वाचून घेतो. नेटवर्क कार्ड तुम्ही दिलेल्या पत्त्यावर थेट मेमरीत लिहिते. पत्ता चुकला तरी ते तक्रार करत नाही. भलत्याच जागी लिहिते आणि कर्नल दुसरीकडेच कोसळतो. म्हणून ‘पॅकेट येत नाही’ हे फक्त लक्षण समजा. पॅकेटचा मार्ग टप्प्यांत तोडा आणि प्रत्येक टप्प्याचा पुरावा मिळवा.

उदाहरणासाठी आपण रिअलटेक ८१३९ हे जुने, सोपे कार्ड घेऊ. क्यूईएमयू हा एम्युलेटर ते पुरवतो, त्यामुळे तंजावर असो की नांदेड, साध्या लॅपटॉपवर हा सराव करता येतो. खालील रजिस्टरांचे क्रमांक हेक्साडेसिमल आहेत.

टप्पा १ : कार्ड सापडले का?
पीसीआय बसवर उत्पादक क्रमांक १०ईसी आणि उपकरण क्रमांक ८१३९ दिसला पाहिजे. मग रजिस्टर ० ते ५ वाचा. तिथे कार्डचा मॅक पत्ता असतो. क्यूईएमयूमध्ये तो सहसा ५२:५४:००:१२:३४:५६ असतो. सगळीकडे एफएफ आले, तर पोर्टचा मूळ पत्ता चुकला आहे.

टप्पा २ : कार्डला मेमरी दिसते का?
पीसीआय कमांड रजिस्टरमधील बिट २, म्हणजे बस मास्टरिंग, चालू करा. ते बंद असेल तर बाकी सगळे बरोबर असूनही काहीच हलत नाही. कार्डला भौतिक पत्ता लागतो. कर्नलमधील पॉइंटर बहुधा आभासी असतो. शिवाय ८१९२ + १६ बाइटांचा ग्राहक बफर ४०९६ बाइटांच्या तीन पानांवर पसरतो. ही पाने आभासी पत्त्यांत शेजारी असली तरी भौतिक मेमरीत सलग असतीलच असे नाही. कार्डला पेजिंग कळत नाही, म्हणून ती सलग असलीच पाहिजेत.

टप्पा ३ : पॅकेट बाहेर गेले का?
क्यूईएमयूला filter-dump (‘फिल्टर-डंप’) या सुविधेने सर्व पॅकेटे फाइलमध्ये लिहायला सांगा आणि ती वायरशार्कमध्ये उघडा. १०.०.२.२ या पत्त्यासाठी एआरपी विनंती पाठवा. विनंती फाइलमध्ये नसेल, तर दोष पाठवण्यात आहे. विनंती आहे पण प्रकाराच्या जागी ०८०६ ऐवजी ०६०८ दिसते, तर बाइटांचा क्रम उलटा झाला आहे. पहिले पॅकेट गेले आणि दुसरे अडकले, तर तुम्ही दर वेळी ० क्रमांकाचाच डिस्क्रिप्टर वापरत आहात. कार्ड चारही डिस्क्रिप्टर क्रमाने फिरवते. एआरपीची ४२ बाइटांची चौकट शून्ये भरून ६० बाइटांची करा.

टप्पा ४ : इंटरप्ट आला का?
उत्तर फाइलमध्ये आहे, पण कर्नलला कळले नाही, तर प्रथम इंटरप्ट मोजा. एकच येऊन शांतता पसरली, तर समाप्तीचा संदेश राहिला आहे. ओळ ८ ते १५ मधली असेल, तर तो दोन्ही पीआयसी चिपना द्यावा लागतो. इंटरप्ट थांबतच नसेल, तर रजिस्टर ३ई मधील संबंधित बिटवर १ लिहून तो पुसलेला नाही.

टप्पा ५ : पॅकेट नीट वाचले का?
इंटरप्ट मुळीच येत नसेल, तर ग्रहण-नियंत्रण रजिस्टर ४४ पाहा. स्वतःच्या मॅक पत्त्याची पॅकेटे स्वीकारायचा बिट बंद असेल, तर उत्तर दारातच टाकून दिले जाते. पहिली काही पॅकेटे बरोबर आणि पुढे कचरा, असे दिसले तर वाचनाची जागा तपासा. प्रत्येक पॅकेटपुढे ४ बाइटांचे शीर्ष असते, पुढची जागा ४ च्या पटीत न्यावी लागते आणि रजिस्टर ३८ मध्ये त्यातून १६ वजा करून लिहावे लागते.

एका वेळी एकच बदल करा. दोन बदलांनी दोष गेला, तर कोणत्या बदलाने गेला हे कळत नाही.

स्वाध्याय
१. बस मास्टरिंग मुद्दाम बंद करून कोणत्या टप्प्याचा पुरावा नाहीसा होतो ते नोंदवा.
२. बफरची तीन पाने भौतिक मेमरीत विखुरलेली असतील, तर पहिली काही पॅकेटे तरीही बरोबर का येतील?